असल उत्तरचे रणगाडे पुठ्ठ्यात : प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरण भागात, असल उत्तर या गावाभोवती झालेली रणगाड्यांची लढाई टेबलावर खेळता यावी, यासाठी लागणाऱ्या सर्व गाड्यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींचे आराखडे तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे एम-४७ आणि एम-४८ पॅटन रणगाडे एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला भारताच्या ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, ९ डेक्कन हॉर्सचे शर्मन, ८ लाइट कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ आणि पायदळाच्या जीपवर बसवलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस (गोळा सुटताना मागे धक्का न देणाऱ्या) तोफा आहेत. म्हणजे एकूण सहा आराखडे करायचे आहेत. पाकिस्तानच्या टेहळणी तुकड्यांतील एम-२४ चॅफी हा हलका रणगाडा सातवा. तो शेवटी घ्यावा असे ठरवले आहे.

पुठ्ठाच का, याचे उत्तर केवळ खर्चात नाही. एकदा आराखडा नीट बसला की हव्या तितक्या गाड्या छापता येतात, चुरगळलेली गाडी फेकून नवी करता येते, आणि दुसऱ्या गावातला खेळाडू तीच फाइल छापून त्याच मापाची गाडी बनवू शकतो. प्लास्टिकच्या तयार संचांत तपशील अधिक असतो, हे खरे आहे. मात्र खेळात गाडी दिवसभर हाताळली जाते, सरकवली जाते, उचलून डबीत ठेवली जाते. ही वागणूक पुठ्ठा चांगली सोसतो.

११ मे

प्रमाण १:१०० ठरवले. प्रत्यक्षातला एक मीटर म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर, इतका सरळ हिशेब दुसऱ्या कोणत्याही प्रचलित प्रमाणात मिळत नाही. सेंच्युरियनचे धड सुमारे ७.६ मीटर लांब आणि ३.४ मीटर रुंद आहे. ते ७६ मिमी बाय ३४ मिमी होते. एम-४८ ची रुंदी ३.६५ मीटर, म्हणजे ३६.५ मिमी. शर्मन ५.८ मीटर लांब आणि २.६ मीटर रुंद. ५८ बाय २६ मिमी. या आकारात कटरने कापणे आणि बोटांनी चिकटवणे दोन्ही जमते. १:१४४ मध्ये जीपचे भाग इतके बारीक होतात की त्यांची घडी सरळ बसत नाही.

गाड्यांचे प्रमाण आणि जमिनीचे प्रमाण मात्र वेगळे ठेवावे लागते. गाडीच्याच प्रमाणात एक किलोमीटर अंतर दाखवायचे म्हटले तर दहा मीटर लांबीचे टेबल लागेल. म्हणून जमिनीसाठी १:१००० धरले आहे, आणि एक प्रतिकृती म्हणजे तीन रणगाड्यांचा एक ट्रूप मानला आहे. चौदा रणगाड्यांच्या स्क्वाड्रनमध्ये तीन-तीनचे चार ट्रूप आणि मुख्यालयाचे दोन रणगाडे असतात. त्यामुळे चार प्रतिकृतींत एक स्क्वाड्रन उभी राहते आणि मुख्यालयाचे दोन रणगाडे त्या चारांतच धरले जातात.

२५ मे

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन आलो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पॅटन, सेंच्युरियन आणि एएमएक्स-१३ या तिन्ही गाड्या प्रत्यक्ष पाहता येतात. महाराष्ट्रात राहून हे काम करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. मोजमापे पुस्तकांतून मिळतात, पण पत्रा कोठे सरळ आहे आणि कोठे वळतो, हे गाडीभोवती फिरल्याशिवाय उमगत नाही.

सेंच्युरियनचे धड सपाट पोलादी तक्ते जोडून केलेले आहे. समोरचा उतरता तक्ता, बाजूंवरून लोंबणारे पातळ झाकपत्रे आणि टरेटच्या, म्हणजे धडावर फिरणाऱ्या तोफेच्या बुरुजाच्या, दोन्ही अंगांना लावलेल्या सामानाच्या चौकोनी पेट्या पाहताना, कोठे घडी घालायची आणि कोठे कापायचे हे जवळजवळ आपोआप दिसत जाते. एम-४८ समोर उभे राहिल्यावर नेमके उलट होते. त्याचे धड आणि टरेट दोन्ही ओतीव आहेत. नाक नावेच्या तळासारखे गोलावत खाली जाते, टरेट घुमटाकार आहे, आणि शोधूनही सरळ कड सापडत नाही. ज्या गाड्यांनी एकमेकींवर गोळे झाडले त्यांतली एक कागदाला इतकी अनुकूल आणि दुसरी इतकी प्रतिकूल असावी, हा या प्रकल्पातला खरा पेच आहे. एम-४८ साठी अधिक वेळ राखून ठेवला पाहिजे.

१ जून

दोन्ही सैन्यांचे रणगाडे मुख्यतः हिरव्याच छटांचे होते, हे पहिल्यापासून लक्षात घ्यायला हवे. टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या खेळाडूला हातभर अंतरावरून, रंगाचा आधार न घेता, ही गाडी कोणती आणि कोणाची हे कळले पाहिजे. त्यामुळे प्रत्येक गाडीच्या बाह्याकृतीत तिची ओळख पटवणाऱ्या गोष्टी कोणत्या, याची टिपणे आधी केली आणि आराखड्याचे बाकीचे सर्व निर्णय त्यांच्यामागून घ्यायचे ठरवले.

सेंच्युरियनची ओळख म्हणजे झाकपत्रे, पेट्यांमुळे रुंद दिसणारा टरेट आणि तोफेची लांब नळी. एम-४८ ची ओळख म्हणजे घुमट आणि गोल नाक. एम-४७ चा टरेट पुढे निमुळता आणि मागे लांब शेपटीसारखा निघालेला असतो. शर्मन उभट आणि अरुंद आहे. त्याची उंची २.७४ मीटर असून ती त्याच्या रुंदीपेक्षाही जास्त भरते. एएमएक्स-१३ ठेंगणा आहे आणि त्याचा दोन तुकड्यांचा लहान टरेट धडावर मागे सरकून बसलेला असतो.

यावरून एक नियम केला: प्रत्यक्षात दहा सेंटिमीटरपेक्षा कमी उठाव असलेली प्रत्येक गोष्ट छपाईत दाखवायची. हत्यारांचे पट्टे, कड्या, झाकणांच्या बिजागऱ्या, वेल्डिंगच्या रेषा हे सारे त्यामुळे कागदावरच राहते. त्याहून मोठे जे आहे तेवढेच कापून लावायचे. या नियमाला अपवाद फक्त ओळखखुणांचा. तिथे उठाव थोडा वाढवून दाखवण्यासही हरकत नाही.

१५ जून

सेंच्युरियनचा पहिला पूर्ण आराखडा तयार झाला. ब्लेंडर या त्रिमितीय आकार बनवण्याच्या संगणक प्रणालीत ठोकळ्यांनी आकार उभा केला, त्यातून कागदावर सपाट पसरलेला उलगडा काढला आणि छपाईची पाने इंकस्केप या रेखाटनाच्या प्रणालीत मांडली. ब्लेंडरमध्ये कागदी प्रतिकृती उलगडण्याची जोडसोय आहे, पण ती जिथे सोयीचे वाटेल तिथे काप घेते. ते काप हाताने हलवून धडाच्या खालच्या कडेला किंवा झाकपत्र्यांमागे नेले. समोरच्या उतरत्या तक्त्यावर एकही जोड दिसता कामा नये, कारण खेळाडूची नजर प्रथम तिथेच जाते.

धडाच्या आत आधाराची एक पेटी आहे. इथे पुठ्ठ्याच्या जाडीचा हिशेब अनिवार्य ठरतो. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कार्डची जाडी साधारण ०.४ मिमी असते; त्यामुळे आतली पेटी बाहेरच्या पेटीपेक्षा दोन्ही बाजूंचे मिळून ०.८ मिमीने अरुंद आखावी लागते. आराखड्यात हे अंतर आधीच धरलेले असले की पेटी अलगद आत सरकते. ते धरले नाही, तर बाहेरची बाजू फुगते आणि झाकपत्रे तिरपी उभी राहतात.

रणगाड्याच्या चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांसाठी बाइंडिंगचा करडा पुठ्ठा वापरला. सेंच्युरियनच्या पट्ट्याची रुंदी ६१ सेंटिमीटर आहे. २ मिमी पुठ्ठ्याचे तीन थर एकावर एक चिकटवले की ६ मिमी होतात. हीच रीत इतर गाड्यांनाही लागू पडते. एम-४८ चा ७१ सेंटिमीटरचा पट्टा तीन जाड थर आणि एक मिलिमीटरचा एक थर मिळून होतो, शर्मनचा ४२ सेंटिमीटरचा पट्टा दोन थरांत बसतो, आणि एएमएक्स-१३ च्या ३५ सेंटिमीटरला एक २ मिमीचा व एक १.५ मिमीचा थर पुरतो. या भरीव पट्ट्यांमुळे गाडीला खालून वजन मिळते. आतल्या पेटीत एक लोखंडी वायसर चिकटवला की ती टेबलावर घट्ट बसते. सेंच्युरियनच्या चाकांच्या दोन-दोनच्या तीन जोड्या बाहेरच्या थरावर छापल्या आहेत. त्यांचा वरचा भाग झाकपत्र्यांनी झाकला जातो.

२९ जून

पाऊस लागल्यापासून कागद बदलला आहे. उन्हाळ्यात कडक असलेले कार्ड आता सैल लागते, आणि मोठे सपाट भाग चिकटवल्यानंतर रात्रीतून किंचित वाकतात. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. दमट हवेत कागद त्या दिशेला आडवा अधिक फुगतो. कार्ड लांबीत आणि रुंदीत हलकेच वाकवून पाहिले की ज्या घडीच्या रेषेत ते सहज वाकते ती तंतूंची दिशा, हे कळते. आता सर्व पानांवर धडाची लांबी तंतूंच्या दिशेत येईल अशी मांडणी केली आहे. थर चिकटवताना एकाआड एक थराची दिशा बदलली की पुठ्ठा वाकत नाही.

फेव्हिकॉल पातळ करून वापरण्याची सवय पावसाळ्यात सोडलेलीच बरी. घट्ट फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर काडीने ओढावा आणि भाग जाड पुस्तकाखाली ठेवावा.

छपाईचे दोन्ही प्रकार करून पाहिले. लेझर छपाईची पावडर घडीच्या रेषेवर तडकते आणि पांढरी रेघ उमटते. इंकजेटची शाई तडकत नाही, पण ओल्या बोटाला लागते. इंकजेटची पाने छापून, सुकवून, त्यांवर ॲक्रिलिक वार्निशचा हलका फवारा मारून मगच कापायची, हा क्रम पक्का केला. घडीच्या रेषा संपलेल्या रिफिलने दाबाव्यात. त्यामुळे कागद न कापता खोलगट रेघ पडते. कापलेल्या पांढऱ्या कडा गडद हिरव्या जलरंगाने रंगवल्याखेरीज गाडी लांबून कागदी दिसते. या एका कामाला आळस केला तर बाकीची मेहनत दिसतच नाही.

जाड कागदासाठी लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे उरलेले कार्ड फार उपयोगी पडते. त्याचा एक पृष्ठभाग खडबडीत असतो, आणि टरेटच्या ओतीव पोताला तो शोभतो.

१३ जुलै

एम-४८ चा टरेट. घुमट कागदात आणण्याचे दोन मार्ग आहेत. घुमटाचे आडवे काप घेऊन प्रत्येक काप म्हणजे शंकूचा एक कंगोरा (टोक कापलेल्या शंकूचा पट्टा) मानावा, हा एक मार्ग. उभ्या पाकळ्या कापून त्या वर एकत्र आणाव्यात, हा दुसरा.

पहिल्या मार्गातले गणित सोपे आहे. टरेटच्या मधल्या कंगोऱ्याची खालची त्रिज्या १२ मिमी, वरची ८ मिमी आणि उंची ६ मिमी धरली, तर तिरकी बाजू ७.२ मिमी येते. त्रिज्यांतला फरक ४ मिमी. त्याला तिरक्या बाजूने भागून ३६० ने गुणले की उलगडलेल्या कमानीचा कोन सुमारे २०० अंश मिळतो. असे तीन कंगोरे एकावर एक बसवले की घुमट तयार होतो. तो मजबूतही होतो, पण त्याच्या पायऱ्या दिसतात, आणि एम-४८ चा टरेट वर्तुळाकार नसून लांबट असल्यामुळे प्रत्येक कंगोऱ्याला पुढेमागे वेगळी वक्रता द्यावी लागते.

पाकळ्यांचा मार्ग दिसायला सुंदर आहे. बारा पाकळ्या वरच्या लहान झाकणाशी जोडलेल्या ठेवल्या आणि प्रत्येकीला नखाने आतून गोलावा दिला, की उकडीच्या मोदकाच्या कळ्या जुळाव्यात तशा त्या एकमेकींना भिडतात. मात्र नुसत्या पाकळ्यांचा पोकळ घुमट खेळात टिकणार नाही. खेळाडू रणगाडा उचलताना नेमका टरेटच चिमटीत धरतो.

शेवटी दोन्हींचा मेळ घातला. आत २ मिमी करड्या पुठ्ठ्याच्या, वर लहान होत जाणाऱ्या चकत्या रचल्या. नकाशावरच्या समोच्च रेषांप्रमाणे प्रत्येक चकतीची बाह्यरेषा त्या त्या उंचीवरच्या टरेटची आहे. त्यांच्या पायऱ्या कागदाच्या लगद्याने भरल्या आणि वरून पाकळ्यांचे छापील आवरण ओढले. बोटाने दाबूनही हा टरेट चेपत नाही. यासाठी एका एम-४८ ला एका सेंच्युरियनच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. हे मान्य करूनच हा मार्ग ठेवला आहे, कारण घुमट नीट दिसला नाही तर ती गाडी पॅटन म्हणून कोणीच ओळखणार नाही.

गोल नाकासाठीही आतून चकत्या आणि वरून पाच पाकळ्या, अशीच रचना आहे.

२० जुलै

एम-४७ एम-४८ पेक्षा सोपा निघाला. त्याच्या नाकाला सरळ उतार आहे. टरेट निमुळता असल्यामुळे तो सपाट त्रिकोणी आणि चौकोनी तुकड्यांत बसतो. शेवटचे मोठे चाक आणि मागचे दातेरी चाक यांच्या मध्ये असलेले लहान ताणचाक छपाईत ठळक केले आहे.

३ ऑगस्ट

शर्मनकडे आज आलो. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही; प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकांच्या तीन बोगी, पुढे दातेरी चाक आणि उंच धड. पण या गाडीविषयी मनात विशेष आदर आहे. दुसऱ्या महायुद्धातले हे जुने रणगाडे घेऊन डेक्कन हॉर्सने पॅटनला तोंड दिले, आणि त्या रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य करत होते. या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले. १९७१ मध्ये त्यांना ते दुसऱ्यांदा मिळाले, आणि १९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. मराठी वाचकाला जनरल वैद्य हे नाव नवे नाही. पण असल उत्तरला त्यांच्या हाताखाली काय दर्जाची यंत्रे होती, हे शर्मन आणि पॅटन एकाच प्रमाणात शेजारी ठेवल्यावर डोळ्यांना दिसते. २६ मिमी रुंदीची ही गाडी ३६.५ मिमी रुंदीच्या एम-४८ पुढे अगदीच चणीने लहान भासते.

एएमएक्स-१३ चा टरेट मात्र विचार करायला लावणारा आहे. त्याचे दोन भाग असतात: खालचा भाग आडवा फिरतो, आणि नळीसकट वरचा भाग त्यावर वरखाली झुलतो. दोहोंमधली फट घडीदार आवरणाने झाकलेली असते. प्रतिकृतीत वरचा भाग झुलवण्याची गरज नाही. तरीही ती आडवी फट म्हणजे या गाडीची ओळख असल्यामुळे दोन्ही भाग वेगळे केले आणि मध्ये काळ्या कागदाची, बारीक घड्या घातलेली पट्टी बसवली.

सर्व टरेट फिरते ठेवण्यासाठी टिचबटण वापरले आहे. त्याचा एक भाग धडाच्या वरच्या आधारपट्टीत आणि दुसरा टरेटच्या तळाशी बसतो. टरेट फिरतो, गाडी उचलताना गळून पडत नाही, आणि ट्रूप निकामी झाला की तो काढून शेजारी ठेवता येतो.

१७ ऑगस्ट

नळ्यांचा प्रश्न सुटला. कागदाची सुरळी या जाडीत एकसारखी होत नाही आणि टाचणीसारखी सरळ तार निर्जीव दिसते. खराट्याचा हीर मात्र निसर्गतःच एका टोकाकडे बारीक होत जातो, आणि तोफेची नळीही तशीच असते. हीर सुकवावा, ब्लेडच्या पाठीने घासून त्याच्या कडा गोल कराव्यात आणि मुळाकडचे टोक टरेटमध्ये बसवावे. सेंच्युरियनची नळीसकट लांबी ९.८ मीटर, एम-४८ ची ९.३ आणि एम-४७ ची ८.५ मीटर आहे. या तिन्ही मापांनुसार हीर तोडण्याचे ठसे पानाच्या कडेलाच छापले आहेत.

जीपलाही हाच हीर लागतो. १०६ मिमी रिकॉइललेस तोफेची लांबी ३.४ मीटर, आणि जीप स्वतः ३.३ मीटर लांब. म्हणजे तोफ गाडीहूनही लांब आहे, आणि दोन्ही टोकांनी बाहेर डोकावते. कागदात हे प्रमाण पाळले की ही जीप टेबलावर दुसऱ्या कशाशीही गल्लत होऊ देत नाही.

३१ ऑगस्ट

उसाची शेते केली. काथ्याचे जाड पायपुसणे कापून त्याचे २८ मिमी उंचीचे चौकोन केले, प्रत्यक्षात २.८ मीटर उंचीचा ऊस.

या उंचीनेच खेळाचा प्राण ठरतो, हे आज गाड्या उसात ठेवून टेबलाच्या पातळीवर डोळा लावून पाहिल्यावर स्पष्ट झाले. एम-४७ ची उंची ३.३५ मीटर, त्याचा माथा उसाबाहेर सहज दिसतो. एम-४८ ३.१ मीटर आणि सेंच्युरियन ३ मीटर. त्यांचा फक्त वरचा काठ दिसतो. शर्मन २.७४ मीटर, तो जेमतेम झाकला जातो. २.३ मीटरचा एएमएक्स-१३ पूर्ण लपतो. आणि तोफेसकट दोन मीटरही न भरणारी जीप तर दिसेनाशीच होते. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी चीमा गावाजवळ अशाच आडोशातून पॅटन टिपले, आणि १० सप्टेंबर रोजी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. त्यांच्या पराक्रमाची थोरवी मापांत मावणारी नाही. पण उघड्यावर एका गोळ्यात संपेल अशी बिनचिलखती गाडी पॅटनच्या इतकी जवळ कशी पोचू शकली, हे ही मापे नेमके दाखवतात.

म्हणून उंचीत एका मिलिमीटरचीही सूट द्यायची नाही, असे ठरवले. गाड्यांखाली वेगळा पाया लावण्याचा विचार सोडून दिला आहे, कारण २ मिमीचा पाया म्हणजे प्रत्यक्षात वीस सेंटिमीटर. तेवढ्याने शर्मन उसाबाहेर डोकावू लागतो. तुकडीचे नाव आता धडाच्या तळाशी छापले आहे. उसाचे चौकोनही पायाशिवाय, थेट टेबलाच्या कापडावर ठेवायचे. प्रत्येक छापील पानावर ५० मिमीची मोजपट्टी टाकली आहे, म्हणजे छापणाऱ्याच्या प्रिंटरने पान लहान केले असेल तर ते कापण्याआधी कळेल.

७ सप्टेंबर

सर्व गाड्या मांडून चाचणीचा डाव खेळला. भारतीय फौजेने असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची बचावफळी धरली होती आणि शेतांत पाणी सोडले होते. ती शेते तपकिरी कापडाच्या तुकड्यांनी दाखवली. चिखलात शिरणाऱ्या प्रत्येक ट्रूपला फासा टाकावा लागतो. रुतलेली गाडी फिरू शकत नाही, टरेट मात्र फिरतो. टिचबटणाचा खरा उपयोग तिथे झाला. पॅटनचा खेळाडू दोन बाजूंनी वळसा घालायला निघाला आणि त्याचे निम्मे ट्रूप उसाच्या कडेला चिखलात अडकले. भारतीय गणनेनुसार त्या लढाईत ९७ पाकिस्तानी रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. हाती लागलेले पॅटन जिथे उभे केले, त्या भिखीविंडजवळच्या जागेला पॅटननगर म्हणू लागले. टेबलावरही अखेरीस अखंड पण अडकून पडलेल्या गाड्यांची संख्या लक्षणीय होती.

प्रतिकृतींविषयी दोन दुरुस्त्या सुचल्या. शर्मनच्या धडाची मागची कड वारंवार हाताळून उघडू लागली आहे. तिथे चिकटवण्याची पट्टी २ मिमीने रुंद करायची. एम-४८ आणि सेंच्युरियन उसात असताना वरून सारखेच दिसतात, म्हणून सेंच्युरियनच्या टरेटवरच्या पेट्या छापील न ठेवता वेगळ्या कापून लावायच्या, म्हणजे वरूनही त्याची चौकोनी बाह्याकृती कळेल.

चॅफीचे काम पुढच्या आठवड्यात सुरू करायचे आहे. धड सुमारे ५ मीटर, रुंदी ३ मीटर, उंची २.७७ मीटर, प्रत्येक बाजूला पाच चाके आणि सपाट तक्त्यांचे धड. उंचीने तो शर्मनच्या इतका जवळ आहे की २८ मिमी उसात तोही जेमतेम झाकला जाईल. टेहळणीच्या गाडीसाठी नियमांत त्याचा विचार करावा लागेल.